किती झूम पुरे? वरवंडच्या बांधावरून कॅमेऱ्याची निवड

पुण्याहून सोलापूरच्या दिशेने निघालं आणि चौफुला मागे पडला की वरवंड येतं. पुण्यापासून सुमारे साठ किलोमीटर. महामार्गाच्या दोन्ही अंगांना ऊस, अधूनमधून कांद्याची रानं, विहिरींवर वाकलेल्या बाभळी, आणि गावाजवळ व्हिक्टोरिया तलाव. खडकवासल्याहून निघालेल्या मुठा उजव्या कालव्याचं पाणी या तलावापर्यंत पोचतं. दौंड तालुका तसा कमी पावसाचा, त्यामुळे या पाण्याकडे शेतकऱ्याचं जेवढं लक्ष असतं तेवढंच पक्ष्यांचंही असतं.

हौशी पक्षिनिरीक्षकाच्या दृष्टीने ही जागा मोठी सोयीची आहे. चौफुल्यावरून मोरगावच्या रस्त्याला लागलं की सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य आहे. क्षेत्र जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर, १९९७ साली जाहीर झालेलं, चिंकारांसाठी ओळखलं जाणारं गवताळ रान. पूर्वेला पाटस, कुरकुंभ ओलांडून पुढे गेलं की भिगवण, म्हणजे उजनी धरणाचा फुगवटा. कुंभारगाव आणि डिकसळच्या काठावर हिवाळ्यात रोहित उतरतात. तलाव, माळ आणि धरणाचं विस्तीर्ण पाणी, पक्ष्यांची ही तीन वेगवेगळी घरं सकाळच्या फेरीत गाठता येतील इतकी जवळ आहेत.

अशा ठिकाणी फिरू लागलेल्या माणसाच्या मनात थोड्याच दिवसांत कॅमेऱ्याचा विचार येतो. मोठी लेन्स परवडत नाही आणि गळ्यात बाळगायचीही नसते. मोबाइलमध्ये बगळा पांढऱ्या ठिपक्याएवढा दिसतो. मग खिशात किंवा शबनममध्ये मावणारा झूम कॅमेरा शोधायला माणूस निघतो, आणि दुकानात ‘तीस एक्स, चाळीस एक्स, त्र्याऐंशी एक्स’ असे आकडे त्याच्यासमोर येतात. या आकड्यांचा खरा अर्थ काय आणि आपल्याला त्यातलं नेमकं किती लागतं, ते या प्रकरणात पाहू.

आधी अंतर मोजा

‘एक्स’ म्हणजे लेन्सच्या सर्वांत लांबच्या टोकाला तिच्या सर्वांत रुंद टोकाने भागून आलेली संख्या. पक्षी किती मोठा दिसेल, हे त्यातून थेट कळत नाही. ते कळतं ‘समतुल्य फोकल लेंथ’वरून. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात ती २४-७२० मिमी किंवा २४-९६० मिमी अशी दिलेली असते. त्यातला मोठा आकडा आपल्या कामाचा.

त्यावरून एक सोपा हिशेब करता येतो. ३६ ला त्या आकड्याने भागा आणि पक्ष्यापर्यंतच्या अंतराने गुणा. चौकटीत किती रुंदीचं दृश्य मावेल, त्याचं ढोबळ उत्तर मिळतं. ७२० मिमीचा कॅमेरा असेल तर ३० मीटरवर सुमारे दीड मीटर रुंदी मावते. टिटवीची लांबी साधारण ३३ सेंटिमीटर. म्हणजे ती चौकटीचा पाचवा हिस्सा व्यापते, आणि २० मेगापिक्सेलच्या फोटोत तिच्या वाट्याला हजाराहून जास्त पिक्सेल येतात. डोळ्यापुढची लाल कातडी, काळा गळा, पिवळे पाय, सगळं स्पष्ट दिसतं. तीच टिटवी १०० मीटरवर असेल तर चौकट पाच मीटर रुंद होते आणि टिटवी तिच्या पंधराव्या हिश्श्यात उरते. एवढ्यावरही टिटवी की माळटिटवी हे सांगता येतं, कारण एकीच्या तोंडाजवळची कातडी लाल आणि दुसरीची पिवळी असते. भिंतीवर टांगण्याजोगा फोटो मात्र मिळत नाही.

आता इथल्या पक्ष्यांच्या तीन गटांना हा हिशेब लावू. कालव्याच्या कडेला, बांधावर, विजेच्या तारांवर बसणारे वेडा राघू, कोतवाल, खाटीक, खंड्या, चास हे पक्षी साधारण १५ ते ४० मीटरवर सापडतात. तलावावरचे वारकरी, शेकाटे, हळदी-कुंकू बदकं, पाणकावळे आणि राखी बगळे पन्नासपासून दीडशे मीटरपर्यंत. माळावरचे धाविक आणि भोवत्या याहूनही लांब. पहिल्या गटाला ७२० मिमी भरपूर होते. दुसऱ्याला ती ओळखीपुरती पुरते. तिसऱ्या गटासाठी माणूस साहजिकच आणखी मोठा आकडा मागतो, आणि खरी अडचण तिथेच सुरू होते.

लेन्सचं तोंड किती मोठं?

मोठ्या झूमच्या जाहिरातीत एक गोष्ट कधी मोठ्या अक्षरांत छापली जात नाही, ती म्हणजे प्रकाश आत घेणाऱ्या तोंडाचा व्यास. तो काढणं मात्र सोपं आहे. लेन्सच्या पुढच्या कड्यावर तिची प्रत्यक्ष फोकल लेंथ आणि अ‍ॅपर्चरचा आकडा छापलेला असतो. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं.

कॅननचा एसएक्स ७४० एचएस घ्या. २०१८ साली आलेला हा कॅमेरा ३०० ग्रॅमच्या आत भरतो आणि समतुल्य ९६० मिमीपर्यंत पोचतो. त्याची प्रत्यक्ष फोकल लेंथ १७२ मिमी आणि त्या टोकाचं अ‍ॅपर्चर एफ/६.९, म्हणजे तोंडाचा व्यास २५ मिमी. पॅनासॉनिक टीझेड ९५ आणि सोनी एचएक्स ९९ हे दोन्ही ७२० मिमीपर्यंत जातात, व्यास सुमारे २० मिमी. जरा मोठ्या अंगाचा कॅनन एसएक्स ७० एचएस १३६५ मिमीला ३८ मिमी व्यास देतो. निकॉन पी ९५० समतुल्य २००० मिमी गाठतो आणि त्याचा व्यास ५५ मिमी आहे, पण वजन एक किलो.

या व्यासाला एवढं महत्त्व का, तर प्रकाश ही लाट आहे. अरुंद तोंडातून जाताना ती पसरते, आणि ठरावीक मर्यादेपलीकडचा बारीक तपशील कोणतीच काच परत जुळवू शकत नाही. २५ मिमी तोंडाला १०० मीटरवर साधारण पावणेतीन मिलिमीटरपेक्षा बारीक काही वेगळं दिसत नाही. ५५ मिमीला ही मर्यादा सव्वा मिलिमीटरवर येते. चांगल्या नजरेच्या उघड्या डोळ्याला तेवढ्याच अंतरावर तीन सेंटिमीटरच्या आसपासचाच तपशील कळतो. म्हणजे खिशातला छोटा कॅमेराही डोळ्याच्या दहापट बारीक पाहतो. हौशी माणसाला हे मोठंच बळ आहे.

याच कारणाने मेगापिक्सेलच्या आकड्यावर भाळू नये. या छोट्या कॅमेऱ्यांचा सेन्सर साधारण ६.२ गुणिले ४.६ मिमीचा असतो आणि त्यावर दोन कोटी पिक्सेल दाटीवाटीने बसवलेले असतात. एफ/६.९ला प्रकाशाचा एक बिंदू त्यातले सात-आठ पिक्सेल ओलांडून पसरतो. पिक्सेल आणखी वाढवले तरी त्याच धूसर बिंदूचे जास्त तुकडे होतील, एवढंच. डिजिटल झूमचंही तेच. तो फोटोचा मधला भाग कापून मोठा करून दाखवतो. तो सेटिंगमध्ये जाऊन कायमचा बंद करून ठेवावा.

सकाळचा उजेड आणि दहानंतरची हवा

वरवंडच्या तलावावर हिवाळ्यात चांगली वेळ म्हणजे सूर्य वर येऊन दोन-अडीच तास होईपर्यंतची. पहिल्या अर्ध्या तासात उजेड कमी असतो, अनेकदा पाण्यावर धुकं असतं, आणि पक्षी सगळ्यात जास्त हलत असतात. छोट्या सेन्सरची परीक्षा इथेच होते. बसलेल्या पक्ष्यासाठी, कॅमेऱ्यात स्थिरीकरण असेल तर, शटरचा वेग १/२०० सेकंद चालतो. उडणाऱ्यासाठी १/१००० किंवा त्याहून जास्त लागतो. उजेड कमी असताना एवढा वेग हवा तर आयएसओ वाढवावा लागतो, आणि छोट्या सेन्सरवर आयएसओ ८०० ओलांडला की पिसांची नक्षी पुसट होऊन रंग चिकटल्यासारखे दिसू लागतात.

एक इंची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सेन्सरचं क्षेत्रफळ या छोट्या सेन्सरच्या चौपट असतं. सोनी आरएक्स १० मार्क फोर या वर्गातला नामांकित कॅमेरा आहे. २०१७ साली आलेला, ६०० मिमीला एफ/४ देणारा, तोंडाचा व्यास ५५ मिमी. एफ/६.९च्या तुलनेत एफ/४ला सेन्सरच्या प्रत्येक भागावर जवळजवळ तिप्पट प्रकाश पडतो. कागदावर याचा झूम २५ एक्स, म्हणजे ४० एक्सवाल्यापेक्षा कमी. पहाटेच्या उजेडात मात्र याचा कापून मोठा केलेला फोटोही त्याच्याहून सरस येतो. त्याचं वजन १०९५ ग्रॅम आहे आणि किंमतही भारी, त्यामुळे तो ‘खिशातला’ राहत नाही.

दहा वाजले की दुसरी अडचण उभी राहते. नांगरलेली रानं आणि माळ तापू लागतात, जमिनीलगतची हवा हलू लागते, आणि शंभर मीटरपलीकडचा पक्षी चौकटीत थरथरताना दिसतो. ही हवेची थरथर कोणत्याही लेन्सला कापता येत नाही. २००० मिमीचा कॅमेरा ती जशीच्या तशी मोठी करून दाखवतो. सुप्याच्या माळावर दुपारी काढलेले धाविकाचे फोटो मऊ का येतात, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं. म्हणून लांबच्या पक्ष्यासाठी जास्त झूम विकत घेण्याआधी लवकर उठून पाहावं. त्याला पैसे पडत नाहीत आणि फरक ढळढळीत दिसतो.

व्ह्यूफाइंडर हवाच

७२० मिमीला चौकट इतकी अरुंद होते की १००० मीटरवर जेमतेम ५० मीटर रुंदीचं दृश्य मावतं. नेहमीच्या ८ गुणिले ४२ दुर्बिणीतून तेवढ्याच अंतरावर साधारण १३० मीटर दिसतं. म्हणजे दुर्बिणीत चटकन सापडलेला पक्षी कॅमेऱ्यात सापडेलच असं नाही. हात लांब करून मागच्या पडद्यावर पक्षी शोधायचा तर उन्हात पडदा काळा पडतो आणि हात थरथरतो. डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर असला की कॅमेरा कपाळाला टेकतो, कोपरं छातीशी येतात आणि तीन ठिकाणी आधार मिळतो.

म्हणून माझं ठाम मत असं की, ७२० मिमी व्ह्यूफाइंडरसह आणि ९६० मिमी व्ह्यूफाइंडरशिवाय यांतून निवडायची वेळ आली तर पहिला घ्यावा. टीझेड ९५ आणि एचएक्स ९९ मध्ये तो आहे, एसएक्स ७४० मध्ये नाही. पॅनासॉनिकने २०२५च्या सुरुवातीला टीझेड ९९ आणला, त्यातही तो काढून टाकला आहे. त्यामुळे नव्यापेक्षा जुनं मॉडेल आपल्या कामाला जास्त बरं, असं इथे होऊ शकतं.

प्रत्यक्षात काय घडतं, ते कालव्यावरच्या कवड्या धीवराच्या उदाहरणाने पाहू. काळा-पांढरा कवडा धीवर पाण्यावर पाच-सहा मीटर उंच एका जागी पंख फडफडवत थांबतो, चोच सरळ खाली. काही सेकंदांत तो सूर मारणार. कॅमेरा बंद असेल तर लेन्स बाहेर यायला वेळ लागतो, मग झूम पुढे जायला लागतो, आणि तोवर समोर फक्त पाण्यावरची वर्तुळं उरतात. म्हणून कॅमेरा आधीच चालू ठेवायचा, झूम मध्यावर ठेवून पक्षी चौकटीत घ्यायचा आणि मग पुढे जायचं. फोकस अनेक बिंदूंवर सोडला तर कॅमेरा हमखास काठचं पाणकणीस किंवा उसाचं पातं पकडतो. मधला एकच छोटा बिंदू निवडून ठेवला की तो पक्ष्यावर बसतो. हा पक्षी फार उपकारी आहे. एकदा सूर चुकला तर पुन्हा वर येऊन थांबतो आणि दुसरी संधी देतो.

आणखी दोन सवयी लावून घ्याव्यात. पांढरा बगळा गडद पाण्यासमोर असेल तर एक्स्पोजर पाऊण-एक पायरी कमी करावं, नाहीतर पिसं नुसती पांढरी फटक येतात. काळा कोतवाल उजळ आभाळासमोर तारेवर असेल तर तेवढंच वाढवावं. दुसरी सवय आधार घेण्याची. मोटारसायकलची सीट, बांधावरचा दगड किंवा ज्वारी भरलेली छोटी कापडी पिशवी, यांतलं काहीही महागड्या तिपाईपेक्षा इथे जास्त उपयोगी पडतं.

विकत घेताना

या जातीचे बरेच कॅमेरे आता बनायचे बंद झाले आहेत, त्यामुळे जुना कॅमेरा घ्यायची वेळ अनेकांवर येते. दुकानात जाताना स्वतःचं मेमरी कार्ड न्यावं. रस्त्यापलीकडच्या पाटीचा फोटो पूर्ण झूम लावून, हातात धरून, दहा वेळा काढावा आणि घरी संगणकावर पाहावा. दहापैकी सहा-सात फोटोंत अक्षरांच्या कडा स्वच्छ आल्या तर स्थिरीकरण चांगलं आहे. कॅमेरा चालू केल्यापासून पहिला फोटो निघेपर्यंत किती वेळ जातो, ते मोजावं.

जुन्या कॅमेऱ्यात धूळ ही मुख्य गोष्ट पाहायची. झूमची नळी आतबाहेर होताना हवा आत ओढते आणि हवेबरोबर धूळही. दौंडच्या बाजूला उन्हाळ्यात धुळीची काय कथा असते ते सांगायला नको. पूर्ण झूम लावून स्वच्छ आभाळाचा फोटो काढावा. त्यात राखाडी ठिपके दिसले तर धूळ सेन्सरवर बसली आहे, आणि या कॅमेऱ्यांत ती साफ करायला सगळा कॅमेरा उघडावा लागतो. लेन्समध्ये टॉर्च मारून बुरशीचे धागे पाहावेत. नळी पुढे येताना करकर आवाज आला तर तो कॅमेरा नको. आपला कॅमेरा घेतल्यावर तो झिपच्या पिशवीत ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावावी आणि दोन बॅटऱ्या जवळ ठेवाव्यात. व्ह्यूफाइंडर, स्थिरीकरण आणि झूमची मोटर असा खर्च सतत चालू असल्याने एक बॅटरी सकाळभर पुरेलच असं नसतं.

पक्षी उडाला तर अंतर चुकलं

झूम कॅमेऱ्याची खरी किंमत पक्ष्याच्या बाजूने पाहिल्यावर कळते. प्रत्येक पक्ष्याची एक मर्यादा असते. तेवढं अंतर आपण राखलं तर तो खात राहतो, पिसं साफ करत राहतो, पिलांना भरवत राहतो. ते ओलांडलं की मान वर होते, मग तो दोन पावलं सरकतो, मग उडतो. मान वर झाली की आपण थांबायचं. हिवाळी पाहुण्यांना परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवायची असते, आणि प्रत्येक उड्डाण त्या साठ्यातून खर्च होतं. भिगवणला नाव रोहितांच्या थव्यात घुसवून उडतानाचा फोटो मागू नये, आणि नावाडी स्वतःहून म्हणाला तरी नको म्हणावं.

टिटवी उघड्या रानात चार खडे गोळा करून अंडी घालते. तिने डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला सुरुवात केली की पायाखाली पाहत, आलो त्याच वाटेने मागे फिरावं. विहिरीवरच्या सुगरणीच्या खोप्यांसमोरची फांदी फोटोसाठी मोडू नये, मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नये. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे. पण त्याच्या आधी रानाचा मालक आहे. त्याला विचारल्याशिवाय बांधावर जाऊ नये. “काय पाव्हणं, कुणाचं फोटू काढताय?” असा प्रश्न आला की कॅमेरा त्याच्या हातात देऊन पडद्यावरचा चास दाखवावा. रोज दिसणारा पक्षी एवढ्या जवळून पाहिल्यावर मालक बहुधा स्वतःच सांगू लागतो की जोडी कुठल्या बाभळीवर असते आणि घुबड कुठल्या विहिरीत राहतं.

कोणी काय घ्यावं

ज्याच्याकडे दुर्बीण नाही त्याने आधी ८ गुणिले ४२ दुर्बीण घ्यावी आणि उरलेल्या पैशांत जुना, व्ह्यूफाइंडर असलेला ७२० मिमीचा छोटा कॅमेरा पाहावा. कालवा, बांध आणि घराजवळचे पक्षी यांच्यासाठी ही जोडी वर्षानुवर्षं पुरते. ज्याचा बराचसा वेळ तलावाच्या काठी आणि भिगवणला जातो, त्याने सहाशे ग्रॅमचा एसएक्स ७० किंवा एक किलोचा पी ९५० हातात धरून पाहावा, आणि ते ओझं दर सकाळी वाहवेल का याचं प्रामाणिक उत्तर स्वतःला द्यावं. फोटोची गोडी लागली आहे, पहाटेचा उजेड आवडतो आणि खर्चाची तयारी आहे, त्याने एक इंची सेन्सरकडे जावं आणि झूमचा आकडा कमी आहे म्हणून हळहळू नये.

निवड करताना आपला फोटो कशासाठी आहे, हेही लक्षात असू द्यावं. मादी भोवत्या उडत गेली तर तिची नेमकी जात डोळ्यांनी सांगणं अनुभवी माणसालाही जड जातं. पंखाखालच्या पट्ट्यांचा एक धूसर फोटो ते काम करतो. तो फोटो तारीख आणि ठिकाणासह ई-बर्डवर किंवा आयनॅचरलिस्टवर चढवला की ती नोंद कोणालाही तपासता येते. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. एक टोक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, दुसरं सलीम अली यांचा. नेमके याच सुमारास पाहुणे पक्षी यायला लागलेले असतात, म्हणून सुरुवातीला हा आठवडा उत्तम. एकच तलाव धरावा, महिन्यातून दोनदा त्याच काठावर जावं आणि जे दिसेल त्याचा फोटो काढून नोंद ठेवावी. भिगवणच्या नोंदी करायला दूरदूरचे लोक येतात. वरवंडच्या तलावावर पहिला चक्रवाक कधी आला आणि शेवटचा कधी गेला, हे दरवर्षी लिहून ठेवणारा माणूस मात्र वरवंडचाच असावा लागेल, आणि त्याच्या कामाला ३०० ग्रॅमचा कॅमेरा पुरून उरेल.